बोरघाटाची उतरण

कनेरगाव नाका हें पूर्णा-अकोला लाइनीवरील एक लहानसें स्टेशन. जुन्या काळीं हिंगोली निजामाच्या राज्यांत होती आणि वाशीम वऱ्हाडांत. दोहोंच्या शिवेलगत हें गांव वसलेलें आहे. येथें उतरणाऱ्या उतारूस ना डोंगरकडा दिसतो, ना दरी. स्टेशनाचें आवार तर तळहातासारखें सपाट भासतें. तरीहि अशा आवारांत एंजिनावांचून मालाचे डबे उभे करून ठेवावयाचे झाले, म्हणजे त्यांचे हातब्रेक आवळतात, चाकांखालीं लाकडी पाचरी सारतात, आणि साखळदंडानें डबे रुळाशीं जखडून त्यास कुलूप घालतात. रुळांचा उतारहि स्टेशनाच्या आवारांत ४०० फुटांस १ फूट याहून अधिक ठेवूं नये असा रेल्वेचा दंडक आहे, आणि शक्य तेथें तो याहूनहि पुष्कळ कमी राखतात. एवढ्या सपाटीवर इतका बंदोबस्त कशाला, असें नवख्या माणसास वाटणें साहजिक आहे.

चाक लोखंडाचें, रूळहि लोखंडाचा. त्यामुळें बैलगाडीच्या चाकास जशी माती अडविते तसें आगगाडीच्या चाकास फारसें कांहीं अडवीत नाहीं. म्हणूनच एक एंजिन शेंकडों टनांचा भार लीलेनें ओढतें. आणि म्हणूनच तो भार एकदां चालता झाला कीं सहजासहजीं थांबत नाहीं. डोळ्यांस न दिसणाऱ्या उतारावरूनहि सुटा डबा हळूहळू घरंगळूं लागतो, आणि थोड्याच वेळांत धांवत्या माणसास तो गांठतां येत नाहीं. सपाटीवर जें इतकें जपावें लागतें तें डोंगरांत कसें सांभाळलें असेल, हा प्रश्न महाराष्ट्रांत प्रथम बोरघाटानें घातला. त्या घाटाची हकीगत कनेरगावच्या साखळदंडापासून वाटते तितकी दूर नाहीं.

मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. त्या गाडीचें कौतुक योग्यच; पण तिची वाट सपाट होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची खरी परीक्षा पुढें सह्याद्रीच्या भिंतीशीं व्हावयाची होती. १८५६ सालीं रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस पोंचले. १४ जून १८५८ रोजीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा वरचा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच राहिला. मुंबईहून पुण्यास निघालेला उतारू खोपोलीस गाडींतून उतरे, पालखींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसे. पांच वर्षें हा क्रम चालला.

घाटाचा मार्ग आंखला कंपनीचे मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले यांनीं. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनीं १८५९ सालीं काम सोडलें. त्यांच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत पाऊल टाकल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावले. त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं कंत्राट परत केलें नाहीं. जाणत्या एंजिनियरांच्या साहाय्यानें त्यांनीं तें तडीस नेलें. त्या काळीं एका स्त्रीच्या नांवावर एवढें कंत्राट चालावें, ही गोष्ट विलायतेंतहि नवलाचीच होती. १८६१ च्या आरंभीं घाटावर सुमारें ४२,००० मजूर खपत होते. पटकीनें, तापानें व सुरुंगांच्या अपघातांनीं त्यांतले पुष्कळ तेथेंच दगावले. इंग्रजांस घाटाची वाट शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें दाखविली अशी लोककथा आहे. खंडाळ्याच्या जुन्या सडकेवर त्याचें देऊळ आहे. कथेंत इतिहास किती, हा प्रश्न निराळा. पण कागदोपत्रीं ज्यांचीं नांवें चढलीं नाहींत त्यांच्या वतीनें लोकांनीं एक नांव जपलें, हें खरें.

बर्कले १८६२ सालीं वारले. २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाट खुला झाला, तो सोहळा पाहण्यास ते उरले नव्हते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंतचा हा मार्ग सोळा मैलांस थोडा कमी आहे. तेवढ्यांत गाडी १,८३१ फूट चढे. वाटेंत पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि सर्वांत खडा चढ ३७ फुटांस १ फूट. कसाऱ्याहून इगतपुरीस जाणारा थळघाट १ जानेवारी १८६५ रोजीं सुरू झाला. तो लांबीनें लहान, परंतु खड्या चढाचें प्रमाण तेंच, ३७ स १.

या कामगिरीचीं वर्णनें बहुधा चढणीचीं असतात. गाडी धापा टाकीत वर जाते, खालीं कोंकण पसरलेलें दिसतें, आणि लेखक मानवी बुद्धीस धन्यवाद देतो. रेल्वेच्या माणसांस मात्र घाट चढण्यापेक्षां उतरण्याची काळजी अधिक असे, आणि हिशेब त्यांच्याच बाजूचा आहे. ३०० टनांची गाडी ३७ स १ अशा उतारावर उभी असेल, तर तिला खालीं खेचणारा जोर ३०० भागिले ३७, म्हणजे ८ टनांहून किंचित् अधिक. सपाटीवर तीच गाडी चालती ठेवण्यास याच्या लहानशा अंशानें भागतें. चढतांना एंजिनाचा जोर अपुरा पडला तर गाडी मंदावते व थबकते. मग ब्रेक लावून तिला जागच्या जागीं धरतां येतें, आणि उतारूंची खोटी होते, एवढेंच. उतरतांना ब्रेकांचा जोर अपुरा पडला तर गाडी थबकत नाहीं, अधिकच धांवते. जितकी अधिक धांवेल तितकी आवरण्यास कठीण, कारण वेग दुप्पट झाला कीं गाडींत सांठलेली शक्ति चौपट होते. ब्रेक मुळींच लागले नाहींत तर उभी असलेली गाडी अशा उतारावर एका मैलांत ताशीं पन्नास मैलांचा वेग ओलांडील. घाटाचे मैल तर पंधरांहून अधिक.

ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा ठोकळा. पण चाक धरलें म्हणजे गाडी थांबली, असें होत नाहीं. गच्च धरलेलें चाक फिरावयाचें थांबतें आणि रुळावरून घसरत पुढें जातें. श्रावणांतल्या बारीक पावसानें रूळ ओला झाला म्हणजे ही घसरण फारच सोपी. म्हणून घाटाच्या एंजिनावर वाळूची पेटी असे आणि चाकापुढें रुळावर वाळू सोडीत. दुसरी अडचण उष्णतेची. पावणेदोन हजार फुटांहून अधिक उंचीवरून खालीं येणाऱ्या गाडीची सारी शक्ति कोठें तरी जिरली पाहिजे; ती ठोकळ्यांत जिरे, व ठोकळे तापत. फार तापलेल्या ठोकळ्याची पकड सैल पडते. म्हणजे ब्रेकाची गरज घाटाच्या शेवटीं शेवटीं जितकी मोठी, तितकाच तो तेथें थकलेला.

घाटासाठीं निराळीं एंजिनें आणावीं लागलीं. आल्प्स पर्वतांतील सेमरिंग घाट १८५४ सालीं खुला झाला होता, तेव्हां दांतेरी रुळावांचून, केवळ चाकाच्या पकडीवर डोंगर चढतां येतो, याविषयीं शंका उरली नव्हती. प्रश्न पकड वाढविण्याचा होता. बोरघाटाच्या एंजिनांमागें कोळसापाण्याची वेगळी गाडी नसे. पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसविलेली असे. त्यामुळें पाण्याचें वजनहि ओढणाऱ्या चाकांवर पडे. चाकांच्या ब्रेकाखेरीज या एंजिनांस घसरपट्टीचे ब्रेक असत, म्हणजे दोन चाकांमधून खालीं येऊन थेट रुळावर दाबणारे लोखंडी जोडे.

बाकीच्या गाडीची सारी भिस्त माणसांच्या मनगटावर. ब्रेकवाले गाडींत जागोजाग ब्रेकच्या डब्यांत बसत. ड्रायव्हरनें शिटीची खूण केली कीं चक्र फिरवून ब्रेक आवळावयाचा. दुसरी खूण झाली कीं सैल करावयाचा. बोगद्यांतला धूर, पावसाळ्यांतलें धुकें, दरींत घुमणारा प्रतिध्वनि, या सर्वांतून ती शिटी कानीं पडावी लागे. एकानें उशीर केला तर बाकीच्यांवर भार. एकानें घाई केली तर त्याचीं चाकें घसरूं लागत. जुन्या काळच्या उतारूंस गाडींत झोंप लागे ती या अनाम माणसांच्या जागेपणावर, पण प्रवासवर्णनांत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

त्यांत बोरघाटास आणखी एक विचित्र वळण होतें. खंडाळ्याखालीं डोंगराची सोंड इतकी अरुंद कीं गाडी वळविण्यास तेथें जागाच नव्हती. म्हणून बर्कले यांनीं तेथें रिव्हर्सिंग स्टेशन घातलें. गाडी एका बाजूनें आंत येई व थांबे. एंजिन सुटून दुसऱ्या टोकास लागे, आणि गाडी उलट्या तोंडानें पुढच्या मार्गास लागे. युक्ति सुरेख होती. परंतु वरून उतरणारी गाडी या स्टेशनांत थांबलीच पाहिजे, अशी त्यांत अट होती, कारण रूळ तेथेंच संपत आणि त्यापुढें दरी.

१८६९ च्या जानेवारींत घाट उतरणारी एक गाडी आवरेनाशी झाली. रिव्हर्सिंग स्टेशनांत ती थांबूं शकली नाहीं. टोकाचा अडसर उधळून ती पलीकडे गेली. घाट सुरू होऊन तेव्हां सहा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

अशा प्रसंगीं लोकांचें पहिलें बोट ड्रायव्हरकडे वळतें. तो दारू प्याला होता काय, झोंपला होता काय, याची विचारपूस आधीं होते. विचारपूस व्हावीच, पण ज्या व्यवस्थेंत दहा माणसांपैकीं एकाची एका क्षणाची चूक साऱ्यांस भोंवते, ती व्यवस्थाच अपुरी, हें समजण्यास सर्वच देशांत वेळ लागला. सह्याद्रीच्या दोन्ही घाटांत जो उपाय रुजला तो या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. त्याचें नांव कॅच सायडिंग. उतरणीच्या मार्गांतून मध्येंच एक फांटा काढून तो डोंगराच्या अंगावर चढता नेलेला असतो व पुढें संपविलेला असतो. सुटलेली गाडी या फांट्यांत शिरली, म्हणजे तिचा वेग चढावरच जिरतो.

फांटा काढणें ही कांहीं मोठी कल्पना नव्हे. कल्पना आहे ती सांध्याची. सपाटीवरील स्टेशनांत मुख्य मार्गाचा सांधा सरळ ठेवलेला असतो व काम पडल्यास बाजूस वळवितात. घाटांत उलटें. उतरणाऱ्या गाडीसाठीं सांधा नेहमीं फांट्याकडेच वळविलेला. गाडीनें तेथें येऊन पुरतें थांबावयाचें आणि शिटी द्यावयाची. मग केबिनमधला माणूस सांधा फिरवून तिला मुख्य मार्ग मोकळा करून देतो. जी गाडी थांबूं शकते तिलाच पुढची वाट. जी थांबूं शकत नाहीं तिच्यासाठीं कोणी धांवपळ करावयास नको, निशाण दाखवावयास नको; सांधा आधींच योग्य बाजूस आहे. केबिनमधला माणूस गोंधळला, घाबरला किंवा वेळेवर उठला नाहीं, तरी त्यानें कांहीं न करणें हेंच गाडीच्या हिताचें ठरतें. प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असें धरून चालावयाचें आणि नाहीं हें तिनें स्वतः सिद्ध करावयाचें, असा हा न्याय. न्यायमंदिरांत तो चालणार नाहीं; घाटांत त्याखेरीज दुसरा चालत नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या १८६९ सालीं बोरघाटांत ही गाडी कोसळली, त्याच सालीं अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें दाबलेल्या हवेनें लागणाऱ्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. ड्रायव्हरनें एक खटका फिरवितांच साऱ्या डब्यांचे ब्रेक एकाच वेळीं लागावे, मधल्या ब्रेकवाल्यांची व शिट्यांची गरजच उरूं नये, हा त्याचा हेतु. पहिल्या रचनेंत मात्र एक मोठें वैगुण्य होतें: नळी फुटली किंवा गाडी मध्येंच तुटली तर ब्रेक लागेच ना. पुढच्या थोड्या वर्षांत त्यानें रचना उलटी केली. नळींत हवेचा दाब असे तोंवर ब्रेक सुटलेले; दाब गेला कीं प्रत्येक डब्याखालच्या टाकींतील हवा आपोआप ब्रेक आवळी.

या उलट्या रचनेचें मोल सर्व जगास पटण्यास आणखी एक भयंकर प्रसंग घडावा लागला. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्माजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढ चढतांना अडली. एंजिनानें कांहीं डबे पुढें न्यावे म्हणून गाडी मध्यें तोडली. तिचे ब्रेक निर्वाताच्या जोरावर लागणारे, पण साध्या जातीचे. नळी सुटतांच मागच्या डब्यांवरील त्यांचा अंमल संपला. ते डबे उतारावरून मागें धांवत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसें मेलीं, त्यांत पुष्कळ मुलें. त्याच सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून उतारूंच्या गाड्यांस आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. हिंदुस्थानांत आपोआप लागणारे व्हॅक्यूम ब्रेक रूढ झाले. त्यांत नळींतली हवा शोषून घेतलेली असे. गाडी तुटली, नळी फुटली, कीं बाहेरची हवा आंत घुसून ब्रेक आवळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकांनीं घेतली. बोरघाटांतला फांट्याकडे वळलेला सांधा आणि ही नळी, दोहोंचा धर्म एकच आहे. कांहीं बिघडलें तर गाडी अडावी, सुटूं नये.

घाटाचा कायापालट झाला तो विजेनें. १९२९ सालीं कल्याण-पुणें मार्ग विजेवर चालूं लागला. त्याच सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग सुधारला, आणि रिव्हर्सिंग स्टेशनाचें काम संपलें. मालगाड्यांसाठीं आलेल्या एंजिनांपैकीं पहिल्याचें नांव ‘सर लेस्ली विल्सन’. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्याची हीं एंजिनें २,६०० अश्वशक्तीचीं. युरोपांत तशा घडणीस ‘मगर’ म्हणत. आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनीं त्यांचें नांव ‘खेकडा’ ठेवलें. उभें असतांना कण्हल्यासारखा आवाज करणारें आणि चालतांना डुलणारें हें धूड ज्यानें पाहिलें असेल त्यास मगरीपेक्षां खेकडाच अधिक पटेल.

खेकड्याची खरी करामत उतरणींत दिसे. विजेच्या एंजिनांतील मोटार उतारावर चाकांनींच फिरविली, तर ती वीज खाण्याऐवजीं वीज निर्माण करूं लागते, आणि तसें करतांना चाकांस अडविते. ती वीज वरच्या तारेंत परत जाते. म्हणजे मुंबईकडे उतरणारी मालगाडी त्याच वेळीं पुण्याकडे चढणाऱ्या गाडीस हात देते. जी शक्ति साठ-पासष्ट वर्षें ठोकळे तापवून वाऱ्यावर जात होती ती कामास आली, आणि ठोकळे थंड राहूं लागले. अडीअडचणीस ते ताजे मिळूं लागले, हा लाभ विजेच्या बचतीहून मोठा. ‘सर लेस्ली विल्सन’ आतां दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे.

नेरळहून माथेरानास जाणारी लहान गाडी १९०७ सालीं सुरू झाली. तिचा चढ २० फुटांस १ फूट, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. वेग मुळांतच थोडा असल्यानें तेथें डब्यांवरील ब्रेकवाले, चक्र फिरविणारे, एकविसाव्या शतकापर्यंत टिकून होते. २०१६ सालीं गाड्या घसरल्यावर ती सेवा थांबवून डब्यांस हवेचे ब्रेक बसविण्यांत आले. बोरघाटांत दीड शतकापूर्वीं ज्यांच्या मनगटावर सारें चाले, त्यांचे वारस म्हणावे तर हेच.

बोरघाटांत आजहि कर्जतला चढणाऱ्या गाड्यांच्या मागें जादा एंजिनें लागतात. तीं ढकलतात हें तर दिसतेंच. शिवाय डब्यांची जोडणी तुटली तर सुटलेला भाग त्यांच्यावर टेकतो, हें त्यांचें न दिसणारें काम. उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणीं थांबतात. तेथें ना गांव, ना फलाट. ब्रेक धरतात कीं नाहीं हें पाहून मगच त्यांस पुढें सोडतात. घाईंतला उतारू खिडकींतून डोकावून कुरकुरतो, आणि वानरें मात्र त्या थांब्याची वाट पाहत बसलेलीं असतात.

कनेरगावच्या लाइनीसहि घाट चुकलेला नव्हता. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत निजामाच्या रेल्वेचे मीटरगेज रूळ १९१२ सालीं आले. हिंगोलीहून वाशीम, अकोला व पुढें खंडव्यापर्यंतचा भाग स्वातंत्र्यानंतर बांधला. अकोटच्या पुढें सातपुड्यांत धुळघाटापाशीं ती लाइन डोंगरास वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुलानें ओलांडून जाई. अंतर वाढवून चढ सौम्य करण्याची ही रीत. गाडी कोठेंहि उलटी करावी लागत नाहीं. त्या भागांतील मीटरगेज गाड्या २०१७ सालीं बंद झाल्या. पूर्णा ते अकोला हा भाग मात्र २००८ सालींच रुंद झाला होता, आणि कनेरगाव नाक्यावरून आतां जाणाऱ्या गाड्या हवेच्या ब्रेकाच्या आहेत.

हे ब्रेक आपोआप लागतात, गाडी तुटली तरी लागतात. परंतु एंजिन सुटून डबे आवारांत उभे राहिले म्हणजे टाक्यांतली हवा सांध्यासांध्यांतून थोडी थोडी गळूं लागते, आणि कांहीं तासांनीं आवळलेले ठोकळे सैल पडतात. तेवढ्या वेळेपुरता घाट सपाटीवर उतरलेला असतो. म्हणून हातब्रेक, म्हणून पाचर, म्हणून साखळदंड. आणि कुलपाची किल्ली स्टेशनमास्तराच्या ताब्यांत.